उपवासाच्या रस्साभाजीत काय पडले आहे, ते छापताना आणि विकताना सांगावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आषाढी, श्रावण, नवरात्र किंवा महाशिवरात्र जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत उपवासाच्या पदार्थांचे पान असते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घरापासून दूर राहणारी मुले, लग्नानंतर वेगळ्या रीतीच्या घरात आलेल्या सुना आणि घरातल्या वयस्कर माणसाचा उपवास सांभाळणारे पुरुषही ते पान वाचून स्वयंपाक करतात, हे मी आसपास पाहते. म्हणूनच अलीकडे त्या पानावर आलेल्या उपवासाच्या रस्साभाजीच्या कृतीबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटले. त्या कृतीत तुपाच्या फोडणीत जिऱ्याबरोबर हिंग आणि हळद घालायला सांगितली होती आणि रस्सा दाट व्हावा म्हणून शेवटी चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून ओतावे, असे म्हटले होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ही भाजी उपवासाला चालणार नाही. तिची चव कदाचित उत्तम असेल. परंतु ज्या गोष्टी त्या दिवशी सोडायच्या असतात, नेमक्या त्याच तिच्यात आहेत.

कॉर्नफ्लोअर हे मक्याचे सत्त्व आहे आणि मका हे धान्य आहे, त्यामुळे ज्याने धान्य सोडले आहे त्याला ते वर्ज्यच. हिंगाचा प्रश्न थोडा आडवळणाचा आहे आणि म्हणूनच तो नीट सांगायला हवा. हिंग हा मुळात एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक असल्यामुळे त्यात धान्य कुठून आले, असे अनेकांना वाटते. पण शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच रोजच्या स्वयंपाकात वापरता येत नाही. आपण डबीतून आणतो त्या हिंगात डिंक आणि त्याबरोबर मैदा, गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते, आणि डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलेही असते. तेव्हा चिमूटभर हिंगाबरोबर थोडा गहू किंवा तांदूळही पातेल्यात जातो. आपल्या आज्या हिंगाची डबी उपवासाच्या दिवशी बाजूला ठेवत, ती उगाच नव्हे. ज्यांना गव्हाचे पथ्य आहे त्यांच्यासाठी तर ही माहिती उपवास नसलेल्या दिवशीही महत्त्वाची आहे.

उपवासाला काय चालते याचे एकच उत्तर देशभरात कुठेही नाही, हे खरे आहे. उत्तर भारतात नवरात्राच्या व्रतात बटाटा-टोमॅटोची पातळ भाजी आणि कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या हा नेहमीचा बेत असतो. आपल्याकडे टोमॅटो बहुतेक घरांत उपवासाच्या पातेल्यात पडत नाही. तमिळ घरांत अनेक ठिकाणी उपवासाच्या दिवशी भात तेवढा सोडतात आणि रव्याचा उपमा खातात. आपल्याकडे तसे केले तर उपवास मोडला असेच म्हणतील. दूर कशाला जावे, महाराष्ट्रातल्या एकाच गल्लीत एका घरी कोथिंबीर चालते आणि शेजारी चालत नाही. कुठे भेंडी, काकडी आणि लाल भोपळा घेतात, तर कुठे बटाटा आणि रताळ्यापलीकडे जात नाहीत. कुणाला लाल तिखट चालते, कुणाला फक्त हिरवी मिरची. काही घरांत साधे मीठही बाजूला ठेवून सैंधव काढतात, आणि काही घरांत ठरावीक उपवासांना वरई, म्हणजेच भगरसुद्धा वर्ज्य असते.

शिवाय ही यादी वाटते तितकी जुनीही नाही. बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा ही सगळी मुळात अमेरिका खंडातली पिके असून पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच्या काळात ती भारतात रुजली. आज आपल्या खिचडीतला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. म्हणजे ज्ञानदेव-नामदेवांच्या काळात एकादशीच्या फराळात यांतले काहीही असणे शक्य नव्हते. सुरण, अळकुड्या, कच्ची केळी, शिंगाडा, दूध आणि फळे एवढ्यावरच तो होत असणार. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की मग नियमांना अर्थच उरत नाही आणि काहीही घातले तरी चालते. मला तसे वाटत नाही. यादी घराघरांत वेगळी आहे आणि काळाबरोबर बदललीही आहे, म्हणूनच उपवास करणारा माणूस स्वतःशी आणि आपल्या देवाशी जे ठरवतो, त्याला महत्त्व येते. एकदा एखादा पदार्थ सोडायचा असे त्याने ठरवले की तो पदार्थ त्याच्या नकळत त्याच्या पानात येऊ नये, ही जबाबदारी रांधणाऱ्याची असते. आणि कृती छापणारे वृत्तपत्र हेही अशा वेळी रांधणाऱ्याच्याच बाजूला उभे असते.

रस्सा दाट करण्यासाठी कॉर्नफ्लोअरची गरज का पडावी, हेही मला समजले नाही. मराठी स्वयंपाकघराने हा प्रश्न दाण्याच्या आमटीत फार सुंदर रीतीने सोडवलेला आहे, आणि ही आमटी उपवासाच्या कोणत्याही रस्साभाजीचा पाया होऊ शकते. तिची कृती सोपी समजली जाते आणि म्हणून अर्धवट लिहिली जाते, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते.

वाटीभर दाणे मंद आचेवर सतत हलवत, साल तडकून त्यावर तांबूस डाग पडेपर्यंत भाजावेत. घाईने मोठ्या आचेवर भाजले तर ते वरून करपतात आणि आत कच्चे राहतात, आणि तो कच्चेपणा आमटीत लपत नाही. गार झाल्यावर हाताने चोळून साल पाखडून काढावे. साल राहिले तर आमटीला तुरटपणा आणि मळकट रंग येतो. हे दाणे, दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरे आणि पाव वाटी ओले खोबरे आधी थोडे कोरडेच फिरवून घ्यावे आणि मग पाणी थोडे थोडे घालत गंधासारखे बारीक वाटावे. सगळे पाणी एकदम घातले तर वाटण रवाळ राहते. पातेल्यात चमचाभर साजूक तूप तापले, त्यात जिरे फुलले की हे वाटण आणि तीन ते चार वाट्या गरम पाणी घालावे आणि पळी तळापर्यंत नेऊन ढवळत राहावे, कारण दाण्याचे वाटण तळाशी बसते आणि चटकन लागते. पहिली उकळी येते तेव्हा ही आमटी फेस धरून भराभर वर चढते आणि पाहता पाहता उतू जाते, म्हणून पातेले खोलगट घ्यावे आणि त्या वेळी शेगडीजवळून हलू नये. मग आच कमी करून ती सावकाश उकळू द्यावी. फेस विरून कडेने तेलाचा बारीक तवंग दिसू लागला आणि दाण्याचा कच्चा वास गेला, की आमटी शिजली असे समजावे. आमसुले, गुळाचा खडा आणि मीठ यानंतरच घालावे. आमसुले सुरुवातीपासून उकळत ठेवली तर रंग काळपट होतो आणि आंबटपणा नको इतका उतरतो. ही आमटी मुरताना आणि निवताना बरीच दाटते, तेव्हा उतरवताना ती सरसरीतच असावी; पानात वाढायच्या वेळी घट्ट वाटली तर गरम पाण्यानेच सैल करावी.

याच रश्शात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, वाफवलेले रताळे किंवा कच्च्या केळ्याचे काप सोडले की उपवासाची रस्साभाजी तयार होते. खोबरे नको असेल तर बटाट्याच्या एक-दोन फोडी कुस्करून घालाव्यात. राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावले तरी रस्सा मिळून येतो. आरारूटही चालते, मात्र त्या नावाने बाजारात काय मिळते ते पाकिटावरचे घटक वाचून घ्यावे, कारण मक्याचे सत्त्वही त्या नावाने खपवले जाते.

सुरण घालायचा असेल तर तो वेगळा शिजवून घेतलेला बरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि त्यांनीच हाताला आणि घशाला खाज सुटते. चिरताना हाताला तेल लावणे, फोडी आमसुलाच्या पाण्यात पुरेशा शिजवणे आणि ते पाणी टाकून देणे ही जुनी पद्धत अगदी योग्य आहे. आमसूल चवीपुरते असते असे समजून कृतीतून ते गाळले, तर खाणाऱ्याचा घसा धरतो आणि दोष सुरणाला लागतो.

पोषणाच्या दृष्टीनेही या रस्साभाज्यांना पुरवणीत अधिक जागा मिळायला हवी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्यात प्रथिने नाममात्र असतात. शेंगदाण्यात ती वजनाच्या सुमारे 25 टक्के असतात, मात्र त्याच दाण्यात निम्म्याच्या आसपास स्निग्धांशही असतो. म्हणून तळलेले साबुदाणा वडे आणि वेफर्स यांच्यापेक्षा वरईचा भात आणि त्यावर पातळ आमटी हे जेवण दिवसभराच्या उपवासाला केव्हाही चांगले. पण वाटीभर दाण्यांची आमटी चार माणसांना पुरवायची असते, एकट्याने संपवायची नसते. मधुमेहाच्या रुग्णांनी उपवास करावा की नाही आणि केला तर काय खावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उपवासाच्या भाज्यांविषयी लिहायचे आणि ऋषीच्या भाजीविषयी लिहायचे नाही, हे मला योग्य वाटत नाही. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, कोकणात आणि देशावरही अनेक घरांत ही भाजी होते; पण पुरवण्यांत मोदकांच्या गर्दीत ती हरवते. त्या दिवशीचा नियम एकादशीच्या नियमाहून अगदी निराळा आहे: बैलाच्या श्रमाने पिकलेले काही खायचे नाही. म्हणून परसात, कुंपणाला, हाताने उकरलेल्या मातीत जे आले असेल ते या भाजीत पडते. अळूची पाने आणि देठ, लाल माठाचे जाड देठ, सुरण, भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, भिजवलेले दाणे. पुष्कळ घरांत तिला फोडणीही नसते. आधी कंद आणि देठ, मग कणीस, मग कोवळ्या भाज्या अशा क्रमाने, थोड्याशा पाण्यावर झाकण ठेवून ती शिजते. आंबटपणाला चिंच किंवा आंबट चुका, तिखटाला हिरवी मिरची, वरून मीठ आणि खोबरे, बस्स. मसाला नसल्यामुळे प्रत्येक भाजीची चव वेगळी लागते आणि अळूच्या पानांनी रस्सा आपोआप मिळून येतो. त्या दिवशी मक्याचे कणीस चालते आणि एकादशीला कॉर्नफ्लोअर चालत नाही, हे ज्याला विसंगत वाटते त्याने दोन्ही व्रतांचे नियम वेगळ्या कारणांनी ठरले आहेत हे लक्षात घ्यावे. कृतीच्या मथळ्यावर नुसते ‘उपवासाची’ असे न लिहिता कोणत्या उपवासाची ते लिहावे, असा माझा आग्रह याचसाठी आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याची आहे आणि ती पुढच्या पानावर ढकलण्यासारखी नाही. भगर किंवा भगरीच्या पिठाची भाकरी खाऊन एकाच वेळी अनेकांना मळमळ, उलट्या आणि चक्कर येऊन दवाखान्यात न्यावे लागल्याच्या बातम्या महाशिवरात्र, आषाढी आणि नवरात्राच्या सुमारास महाराष्ट्रात वारंवार येतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी सहज वाढते आणि तिच्यापासून विषारी द्रव्ये तयार होतात. अन्न व औषध प्रशासन दर वर्षी सांगते की सुटी भगर वा सुटे पीठ घेऊ नये, पाकिटावरची तारीख पाहावी, भगर निवडून आणि धुऊन घ्यावी, पीठ लागेल तेवढेच दळावे आणि साठवू नये. भगरीच्या प्रत्येक कृतीखाली ही चार वाक्ये छापली तर फार जागा जाणार नाही. दाण्यांचेही तसेच आहे. सुरकुतलेला, काळपट, खवट किंवा बुरशीचा वास येणारा दाणा निवडून टाकलाच पाहिजे, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष असू शकते आणि ते भाजल्याने किंवा उकळल्याने नाहीसे होत नाही. बाजारातून तयार कूट आणले तर निवडण्याची ही संधीच हातातून जाते, म्हणून आमटीसाठी तरी दाणे घरी भाजावेत.

आता हॉटेलांत आणि खानावळींत मिळणाऱ्या उपवासाच्या थाळीविषयी. गावोगाव ती आता मिळू लागली आहे आणि प्रवासातल्या माणसाची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. परंतु थाळीतली बटाट्याची भाजी रोजच्याच कढईत, आधी मोहरी-हिंगाची फोडणी झालेल्या तेलात परतली जाते, रश्शाला दाटपणा कशाने आला ते वाढणाऱ्या मुलाला ठाऊक नसते, आणि वडे ज्या तेलात तळले त्याच तेलात सकाळी कांदाभजी निघालेली असतात. एका ठिकाणी मी रस्सा पिवळा कसा, असे विचारले तेव्हा हळदीशिवाय गिऱ्हाईक भाजी खात नाही, असे उत्तर मिळाले. विचारल्यावर खरे सांगितले याचे मला समाधान आहे. पण जे विचारत नाहीत त्यांचे काय? पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, तो उपवासाला चालतो की नाही हे सांगत नाही. यासाठी नवा कायदा हवा असे मी म्हणत नाही. थाळीतल्या भाजीत आणि आमटीत पडलेले सर्व जिन्नस फळ्यावर खडूने लिहिले, एक कढई आणि एक पळी त्या दिवसापुरती वेगळी ठेवली आणि तळणीला ताजे तेल घेतले, तर प्रत्येक गिऱ्हाइकाला आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवता येईल. दाण्याची ज्यांना अॅलर्जी आहे त्यांच्यासाठी तर असा फळा जीव वाचवणारा ठरेल, कारण आपल्याकडचा उपवासाचा क्वचितच एखादा पदार्थ कूट घातल्याशिवाय होतो.

आपणाकडे माझी विनंती अशी आहे. उपवासाची कोणतीही कृती छापताना ती कोणत्या व्रताची आणि कोणत्या भागातल्या रीतीची आहे, हे मथळ्याखाली एका ओळीत द्यावे. ज्या जिन्नसांबद्दल घराघरांत मतभेद आहेत, म्हणजे कोथिंबीर, लाल तिखट, टोमॅटो, भेंडी, त्यांच्यापुढे ‘चालत असल्यास’ असे लिहावे आणि ते वगळले तर चव कशाने सांभाळायची तेही सांगावे. हिंग, हळद आणि कॉर्नफ्लोअर असलेल्या त्या कृतीबद्दल पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा करावा, कारण ते कात्रण अनेकांनी कापून ठेवले असेल. आणि भाद्रपद येण्यापूर्वी वाचकांकडून ऋषीच्या भाजीच्या घरोघरच्या कृती, त्यांत पडणाऱ्या रानभाज्यांच्या स्थानिक नावांसह, मागवाव्यात. रत्नागिरीची भाजी, नगरची भाजी आणि वऱ्हाडातली भाजी शेजारी शेजारी छापून आल्या तर माझ्यासारख्या अनेक वाचकांना ते पान जपून ठेवावेसे वाटेल. आमच्या घरची कृती मी अवश्य पाठवीन.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, वाई (जि. सातारा)